वायूच्या केंद्रात तेलाची आग : येलहंका, नरोरा आणि फिरत्या यंत्रांचा इतिहास

२ ऑक्टोबर २०२० रोजी पहाटे बेंगळुरूच्या उत्तरेकडील येलहंका येथे, उभारणीच्या अखेरच्या टप्प्यात असलेल्या वीजकेंद्रात आग लागली. कर्नाटक पॉवर कॉर्पोरेशनच्या या ३७० मेगावॅट क्षमतेच्या केंद्रात त्या वेळी यंत्रांची चाचणी चालू होती. १५ जण जखमी झाले. प्राथमिक वृत्तांमध्ये टर्बाइनच्या भागात झालेल्या तेलगळतीचा उल्लेख होता.

हे केंद्र नैसर्गिक वायूवर चालते. त्याच परिसरात पूर्वी डिझेलवर चालणारे वीजकेंद्र होते. त्याच्या जागी अधिक स्वच्छ इंधनाचे केंद्र यावे, हा नव्या प्रकल्पामागील एक विचार. त्याचे इंधन मराठी वाचकाच्या ओळखीच्या किनाऱ्यावरून येते. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळहून निघालेली आणि सह्याद्री ओलांडून बेळगावमार्गे बेंगळुरूकडे जाणारी, सुमारे १००० किलोमीटर लांबीची वाहिनी २०१३ साली कार्यान्वित झाली. तिच्यातील वायू टर्बाइनमध्ये जळतो, त्या टर्बाइनच्या उष्ण निष्कास वायूंवर वाफ तयार होते आणि ती वाफ दुसरी टर्बाइन फिरवते. एका इंधनातून दोनदा काम काढून घेणारी ही रचना ‘संयुक्त चक्र’ या नावाने ओळखली जाते.

येथे साधा प्रश्न उद्भवतो. केंद्र वायूचे असेल, तर पेट घेणारे तेल तेथे आले कोठून?

या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले की गेल्या १४० वर्षांचा एक फारसा न सांगितलेला इतिहास उलगडतो. टर्बाइन, केंद्रोत्सारी कॉम्प्रेसर, केंद्रोत्सारी पंप ही सारी वेगाने फिरणारी यंत्रे आहेत. त्यांना जिवंत ठेवणारा पदार्थ आणि त्यांना जाळणारा पदार्थ बहुतेक वेळा एकच असतो. त्यांच्या अग्निसंरक्षणाचा इतिहास हा मुख्यतः या एका विसंगतीशी केलेल्या झुंजीचा इतिहास आहे.

तेलावर तरंगणारा आस

१८८३ च्या सुमारास इंग्लंडमधील अभियंता बोशँप टॉवर हा रेल्वेच्या डब्यांच्या आसांवरील घर्षणाचा अभ्यास करीत होता. मेकॅनिकल अभियंत्यांच्या संस्थेने हे काम त्याच्याकडे सोपविले होते. बेअरिंगमध्ये वंगण सोडण्यासाठी त्याने वरून एक छिद्र पाडले. आस फिरू लागताच त्या छिद्रातून तेल उलट वर येऊ लागले. टॉवरने छिद्रात बूच बसविले. ते बाहेर फेकले गेले. मग तेथे दाबमापक जोडला, तेव्हा बेअरिंगवरील सरासरी दाबाच्या दुपटीहून अधिक दाब त्या तेलात असल्याचे आढळले.

१८८६ साली ऑस्बर्न रेनल्ड्स याने या निरीक्षणाचे गणित मांडले. फिरणारा आस आपल्या बरोबर तेल ओढतो आणि ते निमुळत्या फटीत कोंबतो. तेलाच्या चिकटपणामुळे तेथे दाब वाढतो आणि त्या दाबावर आस उचलला जातो. म्हणजे योग्य वंगण असलेल्या बेअरिंगमध्ये धातू धातूला स्पर्शच करीत नाही. कित्येक टनांचा रोटर केसाहून पातळ अशा तेलाच्या थरावर तरंगत असतो.

नेमक्या याच काळात, १८८४ साली, चार्ल्स पार्सन्स याने आपली पहिली वाफेची टर्बाइन बनविली. ती मिनिटाला सुमारे १८,००० फेरे घेई. दट्ट्याच्या इंजिनाला अधूनमधून घातलेले तेल पुरत असे. या वेगाला ते पुरणे शक्य नव्हते. पार्सन्सने पंपाच्या साहाय्याने बेअरिंगला सतत, दाबाखाली तेल पुरविण्याची व्यवस्था केली. येथून पुढे प्रत्येक मोठ्या घूर्णयंत्राच्या शेजारी एक तेलाची टाकी, एक पंप, एक शीतक आणि नळ्यांचे जाळे ही बिऱ्हाडे कायमची आली. आजच्या मोठ्या टर्बाइनच्या टाकीत हजारो लिटर खनिज तेल असते. ते बेअरिंगमध्ये जाते, तापते, थंड होते आणि पुन्हा जाते. ते वंगण असते आणि उष्णता वाहून नेणारे शीतनद्रवही असते.

वायूवर चालणाऱ्या केंद्रात तेल येते ते असे. ते इंधन म्हणून येत नाही. आसाचा आधार म्हणून येते.

दोन लहान हिशेब

या यंत्रांच्या धोक्याचे स्वरूप शालेय भौतिकशास्त्राच्या आधारे समजते.

समजा, ५० टन वस्तुमानाचा रोटर मिनिटाला ३००० फेरे घेत आहे. आपल्या देशातील ५० हर्ट्‌झच्या वीजजाळ्याला थेट जोडलेल्या टर्बाइनचा हाच वेग असतो. रोटरची परिभ्रमण त्रिज्या अर्धा मीटर धरली, तर त्यात साठलेली गतिज ऊर्जा सुमारे ६२ कोटी ज्यूल भरते. ४० टनांचा मालट्रक ताशी ८० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर त्याची गतिज ऊर्जा सुमारे १ कोटी ज्यूल असते. म्हणजे एका जागी उभ्या असलेल्या त्या यंत्रात ६० भरधाव ट्रक दडलेले असतात. इंधन बंद केले तरी ही ऊर्जा क्षणात नाहीशी होत नाही. मोठा रोटर पूर्ण थांबण्यास अर्धा तास किंवा त्याहूनही अधिक वेळ लागू शकतो. त्या संपूर्ण काळात बेअरिंगला तेल लागतेच.

दुसरा हिशेब असंतुलनाचा. त्याच वेगाने फिरणाऱ्या रोटरवरून, मध्यापासून एक मीटर अंतरावरील एक किलोग्रॅम वजनाचा तुकडा निखळला, तर रोटरवर सुमारे ९८,७०० न्यूटन बळ येते. हे बळ दहा टन वजनाइतके आहे आणि ते सेकंदाला ५० वेळा दिशा बदलत बेअरिंगांना हादरवते. या हादऱ्यांनी प्रथम तुटतात त्या बेअरिंगला जोडलेल्या तेलाच्या नळ्या, आणि सैल होतात ती सीले.

आता तेलाकडे पाहू. एक किलोग्रॅम खनिज तेल जळताना सुमारे ४.२ कोटी ज्यूल उष्णता देते. फुटलेल्या नळीतून सेकंदाला एक किलोग्रॅम तेल बाहेर पडून पेटले, तर ४२ मेगावॅटची आग उभी राहते. येलहंका केंद्राच्या एकूण विद्युत्‌क्षमतेच्या सुमारे एक-नवमांश इतकी ही उष्णता एका नळीच्या तोंडाशी निर्माण होते. दाबाखालचे तेल बारीक फटीतून बाहेर पडताना त्याचे धुके बनते. परातीतील तेल पेटविण्यास ते बरेच तापवावे लागते; धुक्याला मात्र लहानशी ठिणगी पुरते. ठिणगीही आवश्यक नसते. वायुटर्बाइनच्या निष्कास भागाचे तापमान ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, आधुनिक वाफेच्या वाहिन्यांचे ५४० अंशांच्या आसपास. उष्णतारोधक आवरणात झिरपलेले तेल अशा पृष्ठभागावर आपोआप पेट घेऊ शकते.

कारखान्यांत शिरलेला वेग

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत वायू दाबण्याचे काम मुख्यतः दट्ट्याचे कॉम्प्रेसर करीत. फ्रान्समधील ऑगस्त रातो आणि इतर अभियंत्यांनी वेगळा मार्ग विकसित केला. वेगाने फिरणाऱ्या चक्राने वायू बाहेरच्या दिशेने भिरकावायचा, मग रुंद होत जाणाऱ्या मार्गात त्याचा वेग कमी करून त्या वेगाचे दाबात रूपांतर करायचे. ताक घुसळताना बाहेर उडणारे थेंब ज्या तत्त्वाने उडतात, तेच हे तत्त्व. नॉर्वेच्या एगिडियस एलिंग याने १९०३ साली स्वतः चालून थोडी अतिरिक्त शक्ती देणारी वायुटर्बाइन दाखविली. तिच्यातही केंद्रोत्सारी कॉम्प्रेसरच होता.

रासायनिक उद्योगात या यंत्रांनी खरी उलथापालथ केली ती १९६० च्या दशकात. अमोनिया बनविण्यासाठी नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचे मिश्रण प्रचंड दाबाखाली न्यावे लागते. अमेरिकेतील केलॉग या कंपनीने दट्ट्याच्या अनेक कॉम्प्रेसरांऐवजी एकाच मोठ्या केंद्रोत्सारी कॉम्प्रेसरवर आधारलेले कारखाने उभारण्यास सुरुवात केली. खर्च घटला, जागा कमी लागली आणि खताचे उत्पादन वाढले. आपल्याकडे मुंबई हायच्या वायूवर अलिबागजवळ थळ येथे १९८० च्या दशकात उभा राहिलेला प्रचंड खतकारखाना याच ‘एक मोठी साखळी’ विचाराचा वारसदार आहे. भारतीय शेतकऱ्याच्या हाती येणाऱ्या युरियाच्या पोत्यामागे मिनिटाला हजारो फेरे घेणारा एक आस उभा आहे.

या बदलाची किंमत अशी की सारा भार एका यंत्रावर आला. त्यातच आसाभोवतालची फट बंद करण्याचा प्रश्न अवघड होता. आस कवचातून बाहेर येतो, म्हणजे तेथे फट राहणारच. आणि आत ज्वालाग्राही वायू दाबाखाली असतो. अनेक दशके या फटीत वायूच्या दाबाहून किंचित अधिक दाबाचे तेल सोडून वायू अडविला जाई. म्हणजे वंगणाच्या तेलात सीलच्या तेलाची भर पडली. त्या तेलात वायू विरघळे आणि परतीच्या टाकीत पुन्हा सुटा होई. तेल आणि वायू यांना परस्परांपासून दूर ठेवण्याऐवजी यंत्राची रचनाच त्यांना शेजारी बसवीत होती.

मोठ्या विद्युत्‌जनित्रांचीही कथा अशीच आहे. त्यांच्या आतील हवेऐवजी हायड्रोजन भरला जातो. कारण तो हवेच्या सुमारे चौदावा हिस्सा इतका हलका असल्याने घर्षण कमी होते आणि उष्णताही तो अधिक वेगाने वाहून नेतो. पण हवेतील प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असले, तरी हायड्रोजन पेटू शकतो. त्याला आत कोंडून ठेवणारे सीलही तेलाचेच. कार्यक्षमतेच्या प्रत्येक पावलाबरोबर जळाऊ द्रव्य यंत्राच्या अधिकाधिक जवळ येत गेले.

नरोरा, ३१ मार्च १९९३

या साऱ्याचा भारतातील सर्वांत गंभीर पडताळा उत्तर प्रदेशातील नरोरा येथे आला. गंगेच्या काठच्या या अणुवीजकेंद्राच्या पहिल्या संचात ३१ मार्च १९९३ च्या पहाटे वाफेच्या टर्बाइनच्या कमी दाबाच्या भागातील, अखेरच्या टप्प्याची दोन पाती थकव्यामुळे तुटली. पुढे वरच्या दुसऱ्या हिशेबानुसारच घडले. असंतुलित रोटर थरथरू लागला, जनित्राची सीले निकामी झाली, हायड्रोजन बाहेर पडून पेटला, तेलाच्या नळ्या फुटल्या आणि तेलाने आग पसरविली.

इथपर्यंत ती टर्बाइनची आग होती. तिला राष्ट्रीय संकटाचे रूप दिले ते केबलींनी. परस्परांना पर्याय म्हणून आखलेल्या वीजपुरवठ्यांच्या केबली एकाच मार्गाने, अग्निरोधक भिंतींवाचून नेलेल्या होत्या. आग त्या मार्गाने धावली. मुख्य आणि पर्यायी असे सारे पुरवठे गेले. नियंत्रण कक्षात धूर भरला आणि कर्मचाऱ्यांना तो सोडावा लागला. सुमारे १७ तास संचाला वीज नव्हती.

अणुभट्टी बंद केल्यावरही तिच्यातील इंधन उष्णता देत राहते. ती काढून घेण्यासाठी वीज नव्हती. कर्मचाऱ्यांनी आग विझविण्यासाठी ठेवलेले डिझेलचे पंप चालू करून त्यांचे पाणी वाफजनित्रांकडे वळविले. तापलेले जड पाणी वर आणि थंड झालेले खाली, अशा नैसर्गिक अभिसरणाने गाभा थंड होत राहिला. अणुभट्टी पुन्हा क्रियाशील होऊ नये, म्हणून काळोखात विजेऱ्यांच्या उजेडात जाऊन हाताने झडपा उघडून बोरॉनयुक्त द्रावण सोडण्यात आले. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाही, कोणाचा प्राण गेला नाही. आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर ही घटना तिसऱ्या पातळीची ठरली.

या घटनेकडे भारतीय अभियंत्यांच्या धैर्याची गाथा म्हणून पाहता येते, आणि ते योग्यच आहे. पण विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तिच्या आधीच्या दोन तारखाही लक्षात घ्याव्यात. २२ मार्च १९७५ रोजी अमेरिकेतील ब्राउन्स फेरी अणुकेंद्रात हवेची गळती तपासण्यासाठी वापरलेल्या मेणबत्तीने केबलींना आग लागली आणि पर्यायी केबली एकत्र नेण्याचा धोका जगासमोर आला. १९ ऑक्टोबर १९८९ रोजी स्पेनमधील वांदेयोस येथे टर्बाइनची पाती तुटून हायड्रोजन आणि तेल यांची आग लागली. तो संच पुन्हा कधीच सुरू झाला नाही. नरोऱ्याचे दोन्ही धडे, पात्यांचा आणि केबलींचा, इतरत्र आधीच लिहिले गेले होते. नरोऱ्यानंतर भारतातील अणुकेंद्रांत केबलींचे मार्ग वेगळे करणे, अग्निरोधक अडथळे उभारणे आणि पात्यांची रचना बदलणे ही कामे झाली. धडा माहीत असणे आणि तो भिंतीच्या रूपाने प्रत्यक्ष उभा असणे यांत किती अंतर असते, याचे हे उदाहरण आहे.

तेल बंद करावे की चालू ठेवावे?

अग्निशमनाचा पहिला नियम सर्वांना पाठ असतो: जळणारा पदार्थ तोडा. घूर्णयंत्रांच्या बाबतीत हा नियमच अडचणीत येतो. तेलाची नळी फुटून आग लागली असता तेलाचा पंप बंद केला, तर आग उपाशी मरेल. पण वेगात असलेला रोटर कोरड्या बेअरिंगवर पडेल. बेअरिंग वितळेल, आस घासला जाईल, सीले फाटतील आणि ६० ट्रकांची ऊर्जा कवचाच्या आत मोकळी होईल. पंप चालू ठेवला, तर यंत्र वाचण्याची शक्यता आहे. पण आगीला प्रत्येक सेकंदाला खाद्य मिळत राहील. वीज गेली तरी रोटर थांबेपर्यंत तेल मिळावे, म्हणून बॅटरीवर चालणारा आणीबाणीचा पंप मुद्दाम ठेवलेला असतो. आगीच्या वेळी हाच रक्षक शत्रू ठरू शकतो.

या पेचावर एकच एक तोडगा निघाला नाही. थरावर थर चढत गेले. पहिला थर रचनेचा. दाबाच्या तेलाची नळी दुसऱ्या, मोठ्या नळीच्या आतून न्यायची; आतील नळी फुटली तरी तेल बाहेरच्या नळीतून टाकीकडे परत जाते आणि तापलेल्या धातूवर उडत नाही. नळ्यांचे जोड कमी ठेवायचे. टाकी टर्बाइनपासून दूर आणि बंदिस्त जागेत ठेवायची, खाली सांडलेले तेल साचू न देता वाहून जाईल असा उतार ठेवायचा. टर्बाइनच्या वेगनियंत्रक यंत्रणेत तेल फार उच्च दाबाचे असते. तेथे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सहजासहजी न पेटणारे फॉस्फेट एस्टर वर्गातील द्रव वापरात आले. बेअरिंगच्या वंगणासाठी मात्र खनिज तेलाचेच राज्य बहुतांशी टिकून आहे.

दुसरा थर विझविण्याचा. वायुटर्बाइन बंद खोलीसारख्या कवचात असते, म्हणून तेथे कार्बन डायऑक्साइड सोडून ऑक्सिजनचे प्रमाण घटविण्याची पद्धत रूढ झाली. पण आग विझविण्यासाठी या वायूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या वर न्यावे लागते आणि माणूस सुमारे १० टक्क्यांतच शुद्ध हरपू लागतो. आग विझवणारी यंत्रणा आत अडकलेल्या तंत्रज्ञाचा जीव घेऊ शकते. म्हणून वायू सुटण्यापूर्वी भोंगा, काही सेकंदांचा अवकाश आणि आत माणूस असताना यंत्रणा कुलूपबंद ठेवण्याची शिस्त आवश्यक ठरते. हॅलॉन हा त्यामानाने माणसाला सुसह्य पर्याय होता. मात्र ओझोनच्या थराला त्याने होणारी हानी लक्षात आल्यावर १९८७ च्या माँट्रियल करारान्वये त्याचे उत्पादन टप्प्याटप्प्याने थांबले. त्या पोकळीत पाण्याचे सूक्ष्म धुके पुढे आले. ते उष्णता शोषते, वाफ होऊन ऑक्सिजनला बाजूला सारते आणि तापलेल्या कवचावर पाण्याचा लोंढा आणत नाही. लोंढ्याची भीती खरी असते. असमान थंड झालेले कवच वाकते आणि आतल्या पात्यांना घासते.

तिसरा थर तेलालाच निरोप देण्याचा. १९८० च्या दशकापासून केंद्रोत्सारी कॉम्प्रेसरांत कोरडी वायुसीले रुजू लागली. फिरत्या चकतीवर कोरलेल्या नागमोडी खाचा वायू आत ओढतात आणि दोन चकत्यांमध्ये काही मायक्रोमीटर जाडीचा वायूचा थर तयार करतात. रेनल्ड्सने तेलासाठी मांडलेले तत्त्वच येथे वायूला लागू केलेले आहे. त्याच दशकात काही वायुवाहिन्यांवरील कॉम्प्रेसरांत चुंबकीय बेअरिंगे आली. तेथे आस तेलाऐवजी चुंबकीय क्षेत्रात तरंगतो. आगीशी लढण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे जळण्याजोगे काही शिल्लकच न ठेवणे, हा विचार या बदलांच्या मुळाशी आहे. मात्र मोठ्या वीजटर्बाइनचे वजन पेलण्यासाठी आजही मुख्यतः तेलच लागते.

गाळण्याच्या भांड्यातील वीज

तेल नसले म्हणजे धोका टळला, असेही नाही. तारापूर, महाड, लोटे-परशुराम, कुरकुंभ येथील औषध आणि रसायन कारखान्यांत रोज सेंट्रिफ्यूज फिरत असतात. छिद्रे असलेल्या पिंपात ओला गाळ घालून ते वेगाने फिरवले की द्रव बाहेर फेकला जातो आणि स्फटिक आत राहतात. हा द्रव बहुधा टोल्यूईन, अ‍ॅसिटोन, मिथेनॉल यांसारखा ज्वालाग्राही विद्रावक असतो. येथे जळाऊ द्रव्य यंत्राच्या आधाराला नसून त्याच्या पोटात असते. टोल्यूईनसारखा वीज न वाहून नेणारा द्रव कापडी गाळणीतून वेगाने जाताना स्थितिक विद्युत् भार साठतो आणि त्याची ठिणगी पुरते.

यावरील उपाय म्हणजे पिंपात नायट्रोजन भरून ऑक्सिजनचे प्रमाण ज्वलनाला अपुरे ठेवणे आणि प्रत्येक धातूचा भाग जमिनीशी विद्युत्‌दृष्ट्या जोडणे. ऑक्सिजनमापकाचे वाचन योग्य मर्यादेत आल्यावाचून मोटर सुरूच होणार नाही, अशी जोडणी करता येते. हे सारे स्वस्त आणि जुने ज्ञान आहे. पण प्रत्येक वेळी झाकण उघडून हाताने गाळ काढला की हवा आत शिरते आणि नायट्रोजन पुन्हा भरण्यास काही मिनिटे जातात. त्या काही मिनिटांवर उत्पादनाचा दबाव येतो. नरोऱ्यात केबलींच्या भिंतीचे जे झाले, ते येथे रोज लहान प्रमाणावर होण्याची शक्यता असते.

चाचणीचा काळ

येलहंक्याची आग चाचणीच्या काळातील होती, ही बाब दुर्लक्षिण्याजोगी नाही. यंत्राच्या आयुष्यातील पहिले दिवस विशेष जोखमीचे असतात. नळ्यांचे जोड प्रथमच दाब आणि उष्णता अनुभवतात. तापलेला धातू प्रसरण पावतो आणि थंड असताना घट्ट वाटलेला जोड सैल होतो. वंगणमार्ग धुऊन काढण्यासाठी जोडलेल्या तात्पुरत्या नळ्या काढून पक्क्या नळ्या बसविलेल्या असतात. संरक्षक यंत्रणांपैकी काही अद्याप स्वतःच चाचणीत असतात. आणि नेमक्या याच वेळी यंत्राभोवती माणसांची संख्या सर्वाधिक असते, कारण प्रत्येक आवाज ऐकायचा असतो, प्रत्येक जोड पाहायचा असतो. केंद्र नियमित चालू झाल्यावर जेथे दोन माणसेही क्वचित फिरकतात, तेथे चाचणीच्या रात्री पंधरा जण असू शकतात.

अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात ७ फेब्रुवारी २०१० रोजी क्लीन एनर्जी या उभारणीच्या टप्प्यातील संयुक्त चक्र केंद्रात असाच प्रसंग घडला होता. नळ्यांतील कचरा काढण्यासाठी नैसर्गिक वायूच झोताने सोडला गेला, तो पेटला आणि सहा कामगार मृत्युमुखी पडले. कारण येलहंक्याहून वेगळे, पण टप्पा तोच. त्यानंतर अशा सफाईसाठी ज्वालाग्राही वायू न वापरण्याविषयी तेथे स्वतंत्र मानक तयार झाले. त्यातील मुद्दा सोपा होता: हवेच्या झोतानेही नळी साफ होते.

भारतातही नियमांची वाण नाही. तेल उद्योगासाठीचे सुरक्षा संचालनालय १९८६ साली स्थापन झाले. भोपाळनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांविषयी नवे प्रकरण आले. १९८९ साली घातक रसायनांसंबंधीचे नियम आले. तरीही ८ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबईत माहुल येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात कॉम्प्रेसरच्या विभागात स्फोट होऊन चाळीसहून अधिक जण जखमी झाले, आणि दोन वर्षांनी येलहंक्याची आग लागली. नियम पुस्तकात असतात. गळती मात्र जोडावर होते. त्या जोडापाशी उभा असलेला तंत्रज्ञ काय पाहतो, काय सांगतो आणि त्याच्या सांगण्यावरून चाचणी थांबवली जाते की नाही, यावर बरेच काही अवलंबून असते.

येलहंक्याचे केंद्र दुरुस्तीनंतर पूर्ण झाले आणि २०२४ साली त्याचे उद्‌घाटन झाले. दाभोळहून आलेला वायू आता तेथे जळतो आणि बेंगळुरूचे दिवे काही अंशी त्यावर पेटतात. त्या टर्बाइनच्या बेअरिंगमध्ये आजही, टॉवरचे बूच उडवणाऱ्या तेलासारखाच, एक पातळ थर दाबाखाली उभा आहे. तो तेथे असेपर्यंत यंत्र चालेल. तो तेथून बाहेर पडला, तर त्याने कोठे जावे, कशाला स्पर्श करू नये, आणि त्या क्षणी जवळ कोण असू नये, हे रेखाटनाच्या कागदावर आधीच ठरवून ठेवणे एवढेच अभियंत्याच्या हाती असते.

विद्यार्थ्यांसाठी एक प्रश्न सोडून देता येईल. वरील उदाहरणातील रोटरचा वेग दुप्पट केला, तर साठलेली ऊर्जा आणि तुटलेल्या तुकड्यामुळे येणारे बळ प्रत्येकी किती पट होईल? उत्तर दोन ओळींत निघते. ते काढल्यावर, लहान पण मिनिटाला १०,००० फेरे घेणाऱ्या कॉम्प्रेसरजवळून जाताना तंत्रज्ञ पायाखालच्या तेलाच्या एका डागापाशीही का थांबतो, हे वेगळे सांगावे लागणार नाही.